तेवीस दिवसांचं मोठेपण

ऑस्टबी गावातल्या राखीव सैन्याच्या केंद्रातले कागद ॲर्डिस व्हेटर सव्वीस वर्षं सांभाळत होती. तिला गणवेश नव्हता, ती नागरी कर्मचारी. गणवेशवाले महिन्यातून एकदा शनिवार-रविवारी कवायतीला यायचे. कुणी शाळेत शिकवणारा, कुणी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, कुणी इस्पितळातली नर्स. दोन दिवस ते सैनिक व्हायचे आणि सोमवारी पुन्हा आपापल्या कामाला लागायचे. बाकीचे दिवस केंद्रात ॲर्डिस असायची, एक बॉयलर असायचा आणि चौदा लोखंडी कपाटं.

तिच्या हातून कागद हरवत नाही, अशी तिची ख्याती होती. सगळ्यांचा त्यावर विश्वास होता, तिचा तर होताच. एखादं काम रखडलं तर ते वर रखडायचं. वर म्हणजे मुख्यालयात. ते तीनशे मैलांवर होतं आणि तिथल्या कुणालाही ॲर्डिसने कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्यावर ठपका ठेवताना तिला कधी जड गेलं नाही.

कॅप्टन कर्टिस हॉगस्टाड हे ऑस्टबीतले एकुलते एक दातांचे डॉक्टर, आणि तुकडीतलेही तेच. उंच, सावकाश बोलणारे, हसले तरी पटकन कळू नये असे. २०११ साली त्यांची मेजर म्हणून निवड झाली. चौदा मार्चला बढती लागू व्हायची होती. ॲर्डिसने तीन मार्चला त्यांचे कागद जुळवले, जावक क्रमांक टाकला आणि टपालात दिले.

मग काही झालं नाही. एप्रिलच्या कवायतीला डॉक्टरांनी विचारलं, घोडं कुठे पेंड खातंय? ॲर्डिस म्हणाली, वर आहे. मे महिन्यात विचारलं, तेव्हाही वर होतं. जूनपासून त्यांनी विचारणं थांबवलं, नुसते टेबलापाशी उभे राहून कॉफी प्यायचे, आणि ॲर्डिस आपणहून सांगायची, "अजून वरच आहे, डॉक्टर."

ऑक्टोबरच्या अकरा तारखेला एक जाड पाकीट परत आलं. ते मुख्यालयातून नव्हतं. दुसऱ्या राज्यात जुन्या कागदांचं एक गोदाम होतं, निवृत्त झालेल्यांच्या फायली जिथे जायच्या, तिथून आलं होतं. वर गुलाबी चिठ्ठी टाचलेली: हे कागद सार्जंट डेल हॉगस्टाड यांचे नाहीत, परत पाठवत आहोत.

डेल हा डॉक्टरांचा चुलतभाऊ. बावीस वर्षं तुकडीचा स्वयंपाकी होता आणि नेमका त्याच मार्चमध्ये निवृत्त झाला होता. दोघा हॉगस्टाडांचे कागद त्या आठवड्यात एकाच टेबलावर होते. पातळ गठ्ठा जाड गठ्ठ्याच्या पोटात शिरला आणि दोन्ही मिळून गोदामात गेले. सात महिने आठ दिवस डॉक्टरांची बढती एका निवृत्त स्वयंपाक्याच्या फाइलीत पडून होती.

 ॲर्डिसने गठ्ठ्यावरचं जुनं पत्र काढून टाकलं, त्या दिवशीच्या तारखेचं नवं पत्र टंकलं आणि गठ्ठा मुख्यालयाला पाठवला, या वेळी स्वतः टपाल कचेरीत जाऊन. गुलाबी चिठ्ठी तिला फाडवेना. कागद फाडायची तिला सवयच नव्हती. चौदाव्या कपाटाच्या खालच्या खणात 'इतर' असं लिहिलेली एक फाइल होती, तीत तिने ती ठेवली. नोव्हेंबरमध्ये डॉक्टर कॉफी घेऊन उभे राहिले तेव्हा ती म्हणाली, "वर आहे." आता ते खरं होतं, आणि खरं असल्याचं तिला इतकं बरं वाटलं की आधीच्या सात महिन्यांचा हिशेब तिने मनातल्या मनात मिटवून टाकला.

वर गेल्यावर वरच्यांनीही आपला हात दाखवला. डॉक्टरांच्या वैद्यकीय तपासणीची मुदत संपली होती, ती पुन्हा करावी लागली. तपासणी झाली तर मधल्या नावाचं आद्याक्षर एका कागदावर होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं. ते घातलं तोवर संबंधित बाई रजेवर गेल्या होत्या. हिवाळा गेला. २०१२ च्या मे महिन्याच्या नऊ तारखेला कर्टिस हॉगस्टाड मेजर झाले. रुबार्बच्या आंबट देठांचा केक कापला, टाळ्या वाजल्या. ॲर्डिसने सगळ्यांत जास्त वाजवल्या.

इथवर कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, तुकडीचे प्रमुख निवृत्त झाले तेव्हा. तुकडीत दोन मेजर होते. एक डॉक्टर, दुसऱ्या जॉनेल टेस्मर, गावातल्या औषधाच्या दुकानाच्या मालकीण. टेस्मरबाई डॉक्टरांच्या चार वर्षं मागून आल्या होत्या. सलाम कसा करायचा हे त्यांना डॉक्टरांनीच शिकवलं होतं. पण त्यांचे कागद कुणाच्याही फाइलीत न शिरता सरळ गेले होते आणि त्यांची बढतीची तारीख होती एक नोव्हेंबर २०११. हुद्दा एकच असला तर आधीच्या तारखेचा तो मोठा. टेस्मरबाई प्रमुख झाल्या आणि डॉक्टर त्यांना सलाम करू लागले.

टेस्मरबाईंनाच अवघडल्यासारखं झालं. त्या ॲर्डिसच्या देखत डॉक्टरांना म्हणाल्या की हे मी मागितलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मागितलं असतं तरी चाललं असतं, तुम्ही चांगल्या प्रमुख आहात. माझं म्हणणं फक्त तारखेबद्दल आहे.

तारखेबद्दलचं म्हणणं घेऊन ते जानेवारीत ॲर्डिसच्या टेबलाशी आले. राजधानीत एक मंडळ होतं, सैन्याच्या नोंदीतल्या चुका दुरुस्त करणारं. त्याचा अर्ज त्यांनी आणला होता.

"प्रमुखपद नाही मिळणार हं यातून," ॲर्डिस म्हणाली.

"नकोच आहे मला ते." त्यांनी अर्ज सरळ केला. "ॲर्डिस, मी दातावर टोपी बसवतो ना, ती केसभर उंच राहिली तर माणूस जेवू शकतो, बोलू शकतो, सगळं करू शकतो. पण दिवसभर त्याची जीभ तिथेच जाते. माझी जीभ त्या तारखेवर जाते."

दोघांनी मिळून अर्ज भरला. केंद्राच्या वतीने एक निवेदन जोडायचं होतं, ते ॲर्डिसने लिहिलं. त्यात असं होतं की सदर प्रकरणी प्रशासकीय कारणास्तव विलंब झाला असून त्यात अधिकाऱ्याचा दोष दिसून येत नाही. डॉक्टरांनी वाचून चांगलं झालंय म्हटलं. खरोखरच चांगलं झालं होतं. त्या निवेदनात कुणीही काहीही केलेलं नव्हतं. विलंब एखाद्या धुक्यासारखा आपोआप आला होता आणि आपोआप गेला होता.

ऑगस्टमध्ये मंडळाचं उत्तर आलं. विलंब झाला हे मंडळाला मान्य होतं. पण तो कुठे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाकडून झाला, याचा पुरावा नव्हता. साठ दिवसांत तो दिला नाही तर अर्ज निकाली काढू, असं म्हटलं होतं. डॉक्टरांनी मुख्यालयाला पत्र लिहिलं. मुख्यालयाने कळवलं की आमच्या नोंदीत विलंबाची कोणतीही नोंद आढळत नाही.

"म्हणजे कागद कुठेच थांबला नाही," डॉक्टर ॲर्डिसला म्हणाले, "आणि चौदा महिने पोचलाही नाही."

त्या दिवशी सगळे गेल्यावर ॲर्डिसने चौदावं कपाट उघडलं. गुलाबी चिठ्ठी जिथल्या तिथे होती. तिच्याकडे कागद हरवत नसत.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. मायलो धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं वजनं घेऊन निवृत्त झाला होता. त्याने सूप संपवलं, मग विचारलं, हे कुणाला ठाऊक आहे?

"मला."

"मग झालं तर. चिठ्ठी शेगडीत टाक. दोन वर्षांनी घरी बसायचंय तुला."

"टाकते म्हटलं ना, तरी हात उचलत नाही माझा."

"मग देऊन टाक."

"तोही उचलत नाही."

मायलोने विचार केला आणि आणखी सूप वाढून घेतलं. त्याच्या कोठारात अशी अडचण आली नव्हती. तिथे काटा होता, आणि तो जे दाखवेल ते लिहायचं.

दोन आठवडे असेच गेले. मग सूर्यफुलाच्या बिया खाताना ॲर्डिसची खालची दाढ तडकली. गावात दातांचा दुसरा डॉक्टर नव्हता. अठ्ठ्याऐंशी मैलांवर एक होता, तिने त्याच्याकडे फोन करून पाहिला. त्याची पुढची वेळ नोव्हेंबरात होती. गुरुवारी ती हॉगस्टाडांच्या खुर्चीत आडवी झाली.

आत शिरायच्या आधीच सगळं सांगून टाकायचं, असं तिने गाडीत ठरवलं होतं. पण आत डॉक्टर तिच्या बागेतल्या बटाट्यांची चौकशी करत होते, आणि बटाट्यांवरून त्या विषयाकडे वळायला वाट सापडेना. तोवर बधिर करायची सुई टोचली गेली. अर्धी जीभ आणि खालचा ओठ कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा झाला. डॉक्टर मास्क चढवून वाकले. आता बोलता येणार नाही म्हटल्यावर ॲर्डिसला बोलल्यावाचून राहवेना. तिने त्यांचं मनगट धरलं.

"थो खागध माझ्याखडे होथा."

डॉक्टरांनी हत्यार बाजूला ठेवलं. "दुखतंय?"

तिने नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना शब्द कळले. मग बोटांनी दाखवत, लाळ पुसत, तिने डेलचं, गोदामाचं, गुलाबी चिठ्ठीचं सगळं सांगितलं. मदतनीस मुलीला डॉक्टरांनी मध्येच बाहेर पाठवलं होतं.

सांगून झाल्यावर त्यांनी हत्यार पुन्हा उचललं. मास्कमुळे चेहरा दिसत नव्हता. मास्क नसता तरी फारसं काही कळलं नसतं.

"तोंड उघडा," ते म्हणाले.

पस्तीस मिनिटं त्यांनी दाढेवर काम केलं. नेहमीसारखंच, घाई न करता, हलक्या हाताने. पट्टी चावायला लावली, काढली, पुन्हा घासली, पुन्हा चावायला लावली. शेवटी दिवा बाजूला सारून विचारलं, "किती महिने?"

तिने सात बोटं दाखवली. मग थांबून आणखी आठ दाखवली.

"सात महिने आठ दिवस. आणि बाकीचे?"

तिने बोट छताकडे केलं.

"वर," डॉक्टर म्हणाले. "बरं. मग तुमचे सात लिहा." ते हात धुवायला गेले आणि पाठमोऱ्यानेच म्हणाले, "जून महिन्यात मी कॅनडाच्या सीमेजवळच्या एका माणसाला फोन केला होता. त्याची वर ओळख होती, त्याने मुख्यालयातल्या एका बाईंचा नंबर दिला. तुमच्यावर विश्वास ठेवून मी त्या बाईंना फोनवर नाही नाही ते बोललो."

 ॲर्डिस कोट घेऊन बाहेर पडली.

तिने निवेदन लिहिलं. आधीच्यापेक्षा ते बरंच लहान झालं आणि मागच्यासारखं सुबक झालं नाही. प्रत्येक वाक्य 'मी'ने सुरू होत होतं. मी तीन मार्चला कागद चुकीच्या फाइलीत घातले. मी ते कुठे आहेत याची खात्री केली नाही. मला अकरा ऑक्टोबरला कळलं. मी कुणाला सांगितलं नाही. चिठ्ठी सोबत जोडली आहे. वाचून पाहिल्यावर तिला वाटलं, हे कुणी शाळेतल्या मुलाने लिहिलंय. पण बदलण्यासारखं काही सापडेना.

टेस्मरबाईंना त्याची एक प्रत द्यावी लागली. त्यांनी ती वाचली, खिडकीबाहेर बघितलं आणि सांगितलं की लेखी ताकीद द्यावी लागेल, माझा नाइलाज आहे. ॲर्डिस म्हणाली, ताकीदपत्राचा नमुना पाचव्या कपाटात आहे, काढून देते. तिने काढून दिला. टेस्मरबाईंनी सही केली आणि ते पत्र कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकात लावायचं म्हणून ॲर्डिसकडेच परत आलं. तिने ते लावलं. सव्वीस वर्षांत तिच्या सेवापुस्तकातलं ते पहिलं पान होतं जे कुणी उघडून वाचण्यासारखं होतं.

डॉक्टर कवायतीला येत राहिले. ॲर्डिसला गुड मॉर्निंग म्हणत, रजेचे अर्ज देत, पावती घेत. कॉफी मात्र ते आता शस्त्रागाराच्या दाराशी उभे राहून प्यायचे. तिथे थंडी असायची. ॲर्डिसने एकदा टेबलाजवळची खुर्ची पुसून ठेवली, पुढच्या महिन्यातही ठेवली. मग ठेवायची बंद केली. जो तो सांगत होता की डॉक्टर मनात ठेवणारा माणूस नाही. ती म्हणायची, त्यांनी ठेवलं तरी माझी हरकत नाही. घरी मात्र ती मायलोवर कारण नसताना दोनदा खेकसली, आणि एकदा गॅरेजमध्ये गाडीत बसून रडली. बाहेर आली तर मायलोने टायरची हवा तपासत असल्यासारखं केलं.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये निकाल आला. तो केंद्राच्या पत्त्यावर आला, म्हणून आधी ॲर्डिसच्या हातात पडला. पाकिटावर डॉक्टरांचं नाव होतं, तिने ते उघडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत चालत दवाखान्यात गेली आणि त्यांच्या हातात दिलं. जायला वळली तर ते म्हणाले, थांबा.

त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग तिला दिलं. मंडळाने लिहिलं होतं की केंद्राच्या कर्मचाऱ्याने स्पष्ट कबुली दिली असल्याने तिच्याकडून झालेला सात महिन्यांचा विलंब सिद्ध होतो. त्याउपरचे आठ दिवस सामान्य कामकाजाचे धरावेत. उरलेल्या विलंबाबाबत मुख्यालयाने काहीही मान्य केलेलं नसल्यामुळे तो झाला असं म्हणता येत नाही. सबब मेजर हॉगस्टाड यांच्या बढतीची तारीख नऊ मे २०१२ ऐवजी नऊ ऑक्टोबर २०११ अशी दुरुस्त करण्यात यावी.

ॲर्डिसने दोनदा वाचलं. "म्हणजे माझी तेवढी चूक दुरुस्त झाली."

"तुमचीच तेवढी झालेली आहे," डॉक्टर म्हणाले. "बाकी कुणाची झालीच नाही."

"पण मग तारीख अजून चूकच आहे."

"निम्मी." त्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं. "दातांत असं चालत नाही. सैन्यात चालतं." ती दाराशी उभीच होती. ते म्हणाले, "मुख्यालयात सव्वाशे माणसं आहेत, ॲर्डिस. मी मोजली. त्यातल्या एकानेही 'मी' असं लिहून दिलं नाही."

तिला हे माफ केल्यासारखं वाटलं. खात्री नव्हती, पण विचारायचं तिने टाळलं. पुढच्या शनिवारी ते कॉफी घेऊन टेबलाशी आले आणि बटाट्यांची चौकशी केली.

आनंद पाच आठवडे टिकला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की नऊ ऑक्टोबर हा एक नोव्हेंबरच्या तेवीस दिवस आधी येतो. म्हणजे डॉक्टर टेस्मरबाईंपेक्षा तेवीस दिवसांनी मोठे झाले होते, आणि मोठ्याला धाकट्याच्या हाताखाली ठेवायचं नाही असा नियम होता. टेस्मरबाई पद सोडायला तयार होत्या. डॉक्टर घ्यायला तयार नव्हते. त्यांनी लिहून दिलं की माझी हरकत नाही, मी आनंदाने हाताखाली राहतो. मुख्यालयाने कळवलं की हरकत असण्या-नसण्याचा प्रश्न नाही. एरवी सात महिने घेणाऱ्या मुख्यालयाने हे उत्तर अकरा दिवसांत दिलं. डॉक्टरांची बदली कोलब्रुकच्या तुकडीत झाली. कोलब्रुक एकशे साठ मैलांवर. आता महिन्यातून एकदा त्यांना शुक्रवारी दवाखाना लवकर बंद करून गाडी हाकत तिकडे जायला लागणार होतं.

"मी नसतं सांगितलं तर तुम्ही इथेच राहिला असता," ॲर्डिस म्हणाली.

"राहिलो असतो. जीभ मात्र तिथेच गेली असती."

बदलीची फाइल ॲर्डिसने तीन दिवस खपून तयार केली. पानांवर क्रमांक घातले, मधल्या नावाचं आद्याक्षर एकेका कागदावर तपासलं. टपालाची गाडी सोमवारी आली तेव्हा तिने बाकी सगळं दिलं आणि ती फाइल ठेवून घेतली. मंगळवारी तिने रजा टाकली, मायलोला सांगितलं की दुपारचं जेवण फ्रीजमध्ये आहे, आणि फाइल शेजारच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावला.

कोलब्रुकचं केंद्र ऑस्टबीसारखंच होतं. तोच बॉयलर, तीच कपाटं. टेबलामागे तिच्याच वयाचा एक जाडजूड गृहस्थ बसला होता. घड्याळात बारा वाजायला पाच मिनिटं होती आणि त्याने एक हात कोटात घातलेला होता.

"ठेवा तिथे," त्याने एका ढिगाकडे बोट केलं. "नोंदवतो मागाहून."

ॲर्डिसने ढिगाकडे बघितलं. चांगला फूटभर होता.

"मी थांबते," ती म्हणाली.

"जेवायला चाललोय मी, बाई."

"जाऊन या. मी इथेच बसते."

त्याने तिला नीट पाहिलं. असली माणसं त्याला ठाऊक असावीत, कारण त्याने वाद घातला नाही. कोटातला हात बाहेर काढला, उसासा टाकला आणि नोंदवही ओढली. नाव, हुद्दा, बढतीची तारीख, आवक क्रमांक. ॲर्डिस टेबलावरून वाकून उलट्या अक्षरांत वाचत होती. हॉगस्टाडमधलं एक अक्षर गळलं होतं. तिने ते घालायला लावलं. त्याने घातलं. तारीख पहिल्याच फटक्यात बरोबर होती.

"आणखी काही?"

"शिक्का," ॲर्डिस म्हणाली.

त्याने शिक्का मारला. तिने पावती घेतली, पर्समध्ये ठेवली, पर्स बंद केली. बाहेर वारा सुटला होता आणि वाळलेल्या सूर्यफुलांची शेतं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माना खाली घालून उभी होती. एकशे साठ मैल जायचे होते, म्हणून तिने आधी पेट्रोल भरून घेतलं.